एका रात्रीचे तीस क्विंटल

तुम्ही आई-बाबांना वस्तूंच्या खऱ्या किमती सांगता? खरं सांगा हं. अडीच हजारांचे शूज 'सेलमध्ये आठशेला' मिळालेले असतात. वीकेण्डचं रिसॉर्ट 'ऑफिसनेच दिलेलं' असतं. आणि ती कॉफी... तिची किंमत तर आपण स्वतःलाही नीट सांगत नाही. पहिल्या पगारापासून सुरू होणाऱ्या या थापा आपल्या पिढीचा राष्ट्रीय छंद आहेत. मी फ्रीलान्सर. म्हणजे पगार नाही, पण थापा आहेतच.

तर मंडळी, माझी आजवरची सगळ्यात मोठी थाप सहा हजार रुपयांची होती. टोकियो डिस्नेच्या हॉटेलात आई-अण्णांबरोबर एक रात्र राहायचं मी ठरवलं, आणि अण्णांनी फोनवर विचारलं, "हाटेलाचं भाडं किती?" मी बिनधास्त म्हटलं, "सहा हजार. ऑफर आहे."

थाप पकडली गेली रावेरच्या झेरॉक्सच्या दुकानात. व्हिसाच्या फाइलसाठी बुकिंगची प्रिंट हवी होती. मी पुण्यात, कागद रावेरात, म्हणून मेल अण्णांच्या फोनवर पाठवला आणि ते प्रिंट काढायला गेले. पाच मिनिटांत फोन. आवाज एकदम शांत. आमच्या घरात आवाज शांत झाला की समजायचं, काही खरं नाही.

"यावर तर बावन्न हजार लिहेल आहे."

"अण्णा, ते येन आहेत, रुपये नाहीत!" मी घाईघाईने म्हटलं. आणि मग येनचे रुपये करून खरा आकडा सांगावाच लागला. शंभर येनला साधारण सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये, म्हणजे एका रात्रीचे तीस हजारांच्या आसपास.

अण्णा गप्प. मग म्हणाले, "भाव हजार धरला, तर तीस क्विंटल झाले. एका रातीचे तीस क्विंटल. मले नाई यायचं."

केळीवाल्याचं करन्सी कन्व्हर्टर

ज्यांना रावेर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी पकडा. बऱ्हाणपूर यायच्या आधी एक स्टेशन लागतं, जिथे दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर केळीच केळी दिसते आणि मागे सातपुडा. तेच आमचं गाव. इथली हिरवी केळी वर्षानुवर्षं रेल्वेच्या डब्यांतून दिल्लीला गेली. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, आणि 2021 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन केळी त्या शिक्क्यासह दुबईला गेली. जगात सर्वांत जास्त केळी भारतात पिकते. निर्यातीत मात्र इक्वेडोर, फिलिपिन्स आपल्या कितीतरी पुढे. आपली बहुतेक केळी आपणच खातो.

या गावात वाढलेल्या माणसाचं करन्सी कन्व्हर्टर रुपयांत चालतच नाही. माझ्या मास कम्युनिकेशनच्या कोर्सची फी अण्णांनी क्विंटलमध्ये मोजली होती. ताईचं लग्नही क्विंटलमध्येच. आणि क्विंटलचा भाव काय, हे आदल्या दिवशी कुणी सांगू शकत नाही. तो कधी दोन हजारांवर जातो, कधी हजाराच्या खाली आपटतो. केळं काही गोडाऊनमध्ये थांबत नाही. घड तयार झाला की कापायचा आणि मिळेल तो भाव घ्यायचा. त्यात त्या वर्षी जूनच्या वादळात आमच्या बागेचा एक तुकडा आडवा झालेला. घड लागलेली झाडं एका रात्रीत झोपली होती. त्याला पाच महिने झालेत-न झालेत तोवर पोरगी म्हणते, मिकी माउसच्या हॉटेलात राहू या.

मला तेव्हा राग आला होता. पैसे माझे होते. तीन वर्षं लेखांच्या चेकमधून थोडे थोडे बाजूला टाकलेले. 'पत्रकार म्हणजे नक्की काय करते?' या नातेवाइकांच्या प्रश्नाला हे माझं उत्तर होतं. पण अण्णांना वाटलं, आपण नको त्या वेळी मुलीवर ओझं होतोय. दोघंही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे भांडणाला अंत नव्हता.

शेवटी मध्यस्थी केली सोनूदादाने. हा माझा मावसभाऊ, टोकियोत निशी-कासाई भागात राहतो. त्याने थेट अण्णांना फोन लावला. "काका, बुकिंग कॅन्सल केलं तरी पैसे सगळे परत मिळणार नाहीत. मग तीस क्विंटल तसेच सडवायचे का?"

सडवायचे! केळीवाल्याला याहून मोठी शिवी नाही. अण्णा तयार झाले.

प्लॅनिंग, म्हणजे अर्धा प्रवास

पहिल्यांदा जाणाऱ्यांना कुणी सांगत नाही अशी गोष्ट : टोकियो डिस्नेलँड टोकियोत नाहीच! ते शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासू नावाच्या गावात आहे. समुद्र बुजवून जमीन केली, आणि कोळ्यांनी जिथे पिढ्यान्‌पिढ्या शिंपले आणि समुद्री शेवाळ काढलं तिथे 15 एप्रिल 1983 रोजी अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नेलँड उघडलं. शेजारचं डिस्नेसी 2001 मध्ये आलं. दोन्ही पार्क चालवते ती ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी. डिस्नेकडून तिने परवाना घेतलाय.

हॉटेलांचे दोन मुख्य प्रकार लक्षात घ्या. एक, डिस्नेचं नाव लावणारी. दोन, त्याच आवारातली पण इतर चेनची, 'ऑफिशियल' म्हणवणारी. दुसरी बऱ्याचदा स्वस्त पडतात. पहिल्या प्रकारात राहिलात तर पार्क इतरांपेक्षा पंधरा मिनिटं आधी उघडतं. पंधरा मिनिटांत काय होतं म्हणाल, तर सकाळी आठ-सव्वाआठच्या विरार लोकलमध्ये काय होतं ते आठवा. मी निवडलं टॉय स्टोरी हॉटेल, 2022 मध्ये सुरू झालेलं. खोली म्हणजे सिनेमातली अँडीची बेडरूम, भिंतीवर निळ्या आभाळात पांढरे ढग. एकच रात्र घेतली. बाकीचे दिवस दादाकडे. एक रात्र नीट आखली तर दोन दिवसांचा डिस्ने पदरात पडतो : पहिल्या दिवशी सकाळीच सामान हॉटेलात टाकून पार्क गाठायचं, दुसऱ्या दिवशी चेक-आउट करून पुन्हा पार्क.

तिकिटं आधी ऑनलाइन, आणि तारखेची. दर रोज बदलतात. मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट ऑक्टोबर 2023 पासून 7,900 ते 10,900 येनच्या दरम्यान. म्हणजे शनिवारी जाऊन शहाणपण दाखवू नका. मी दाखवलं. पैसे भरताना माझं कार्ड तीनदा नाकारलं गेलं. ओटीपी येईपर्यंत पानाची वेळ संपायची. चौथ्यांदा मैत्रिणीचं कार्ड वापरलं आणि तिला तेवढी मिसळ-पार्टी देणं लागते.

आईची बॅग

इकडे रावेरात आईने वेगळंच प्लॅनिंग चालवलं होतं. "तिथी केयी मियतीन का, व?" हा तिचा पहिला प्रश्न. जिथे दारात केळी आहे तिथे राहून हिला टोकियोतल्या केळ्यांची काळजी! दुसरा प्रश्न वांग्यांचा. भरिताची आमची हिरवी, पांढऱ्या रेषांची, हाताच्या ओंजळीत न मावणारी वांगी. चार वांगी, दोन किलो तांदूळ, तूर डाळ, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता. सगळं तिने सुती पिशव्यांत बांधून ठेवलेलं.

मला ते एकेक करून बाहेर काढावं लागलं. जपानमध्ये ताजी फळं, भाज्या, तांदूळ, कडधान्यं नेताना निघताना आपल्या देशाचं रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावरच माल जातो, वर दंडही होऊ शकतो. मांसाचे पदार्थ तर नेऊच नयेत. जपान्यांना फळमाशीची मोठी धास्ती. त्याच माशीपायी आपल्या आंब्याला त्यांनी वीस वर्षं दार बंद ठेवलं होतं, ते 2006 मध्ये उघडलं. अण्णांना हे आवडलं. "बरोबर आहे. रोग एकदा बागेत शिरला की बाग गेली," म्हणाले. सहलीच्या बाजूने त्यांनी काढलेलं हे पहिलं वाक्य!

मग बॅगेत काय गेलं? भाजलेलं, तळलेलं, मुरलेलं. शेंगदाण्याची चटणी, खान्देशी काळा मसाला, लोणचं, मेतकूट, आणि रावेरचे केळ्याचे वेफर्स. शिवाय जळगावहून खास घेतलेली इलेक्ट्रिक केटल. तिला मी अडवलं नाही ही माझी चूक. जपानमध्ये वीज 100 व्होल्टची आहे. आपली 230 व्होल्टची केटल तिथे जेमतेम पाचव्या हिश्शाने तापते. निशी-कासाईला पहिल्या सकाळी आईने चहाचं पाणी ठेवलं, आमच्या आंघोळी झाल्या, अण्णांचं पेपर नसल्याबद्दल कुरकुरून झालं, तरी पाणी कोमटच.

निशी-कासाईचं वाणसामान

निशी-कासाई हा टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला भाग. साधारण 2000 च्या आसपास, वाय-टू-केच्या कामासाठी आपले आयटीवाले इथे आले, कारण तोझाई लाइनची मेट्रो इथून थेट ऑफिसांच्या भागात जाते. मग किराणा दुकानं आली, शाळा आली, आणि 2019 मध्ये पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. स्टेशनबाहेर मराठी कानावर पडलं की कुणी वळूनही बघत नाही. नदी ओलांडली की पलीकडे डिस्नेलँड.

वहिनी आम्हाला आधी इंडियन दुकानात नाही, मुद्दाम साध्या जपानी सुपरमार्केटात घेऊन गेली. "मावशी, सगळं बघून घ्या. मग काय नाही ते कळेल."

काय बघितलं? कांदे तीन-तीन, जाळीच्या पिशवीत. कोथिंबीर चार काड्या, प्लॅस्टिकच्या डबीत, झोपवून. आईने ती डबी हातात घेऊन म्हटलं, "ही काय आजारी आहे?" आपल्या भाजीवालीने वरून फुकट टाकलेली जुडी आठवून तिला भरून आलं असावं. वांगी होती, पण काळी-जांभळी, सडपातळ, मुंबईच्या मॉडेलसारखी. दूध कागदी खोक्यात, न तापवता प्यायचं, साय नावाची गोष्ट नाही. पोळ्यांचं पीठ नाही. मैद्याचेच दोन-तीन प्रकार. मीठ आणि साखर शेजारी शेजारी, सारख्याच पारदर्शक पाकिटांत, वर जपानी अक्षरं. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर केलं म्हणून बरं, नाहीतर वरणात साखर पडली होती.

प्रत्येक किमतीच्या पाटीवर दोन आकडे. लहान-मोठे. एक करासकट, एक कराशिवाय. घरी न्यायच्या खाद्यपदार्थावर 8 टक्के कर, आणि तिथेच बसून खाल्लंत तर 10. पिशवीचे पैसे वेगळे, जुलै 2020 पासून. आणि सामान आपलं आपण भरायचं, त्यासाठी बाजूला वेगळं टेबल. आईने घरून आणलेल्या सुती पिशव्या अखेर कामाला आल्या. डाळ-तांदळाविना आलेल्या त्या पिशव्यांतून तिने विजयी मुद्रेने कांदे नेले.

संध्याकाळी सातनंतर एक कर्मचारी लाल-पिवळे स्टिकर घेऊन फिरायला लागतो. आजचा शिळा होणारा माल आधी वीस टक्के, मग अर्ध्या किमतीत. ऑफिस सुटलेली मंडळी त्याच्या मागे मागे, पण न ढकलता. अण्णा हे बघत बराच वेळ उभे राहिले. "सडू देत नाहीत," एवढंच म्हणाले.

तांदळापाशी मोठी गंमत झाली. जपानमध्ये 2025 मध्ये तांदूळ भयंकर महागला. पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट, आणि सरकारला आपल्या राखीव साठ्यातून तांदूळ बाहेर काढावा लागला. तेव्हाच कृषिमंत्री एका कार्यक्रमात बोलून गेले की, मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थकच इतका देतात. त्यांना मे महिन्यात राजीनामा द्यावा लागला. वहिनीने हे सांगितल्यावर अण्णांनी दोनदा विचारलं, "एवढ्यावरून मंत्री गेला?" मग थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "मंत्री गेला."

त्या रात्री आईने सडपातळ वांग्यांचं भरीत करायला घेतलं. वांगं गॅसवर ठेवलं की दोन मिनिटांत ज्योत आपोआप बारीक आणि मग बंद. जपानी शेगडीत तापमानाचा सेन्सर असतो, भांडं फार तापलं की गॅस तोडतो. वांग्याला तो जळणारं भांडं समजत होता. शेगडीच्या पोटात भाजायचा एक कप्पा असतो, पण वहिनीने तो उघडताच, "यात हे लोक मासे भाजतात," म्हणून सांगून टाकलं. विषय संपला. भरीत शेवटी तव्यावर झालं. धुराचा वास नसलेलं भरीत. आम्ही सगळ्यांनी ते फार छान झालंय असं सांगितलं. थापा काय, फक्त किमतीच्याच नसतात.

अँडीच्या खोलीत आई-अण्णा

शनिवारी हॉटेल. आमच्याबरोबर दादाची ईशू, माझी सात वर्षांची भाची आणि अधिकृत दुभाषी. रिसेप्शनवर ती जपानीत काय बोलली कोण जाणे, तिला वाढदिवस नसताना स्टिकर मिळाला.

बाहेरचा डबा पार्कमध्ये नेता येत नाही, हे आधीच माहीत होतं. डबा खायचाच असेल तर गेटबाहेर बसायची जागा आहे. चीनमध्ये शांघाय डिस्नेलँडवर याच नियमावरून एका कायद्याच्या विद्यार्थिनीने खटला भरला होता, आणि 2019 मध्ये त्यांना बाहेरचं खाणं आत येऊ द्यावं लागलं. टोकियोत अजून तसं नाही. त्यामुळे आम्ही गेटबाहेर बसून मेतकूट-भात खाल्ला आणि आत गेलो. आत पॉपकॉर्नच्या गाड्या, प्रत्येकीचा वास वेगळा. करी पॉपकॉर्नच्या गाडीपाशी आईने वास घेऊन, "यात नक्की काय घालतात?" विचारलं. ईशूलाही सांगता येईना, तेव्हा आम्ही मुकाट्याने कॅरमलच्या रांगेत गेलो.

रात्री परेड बघून परतलो. पाय बोलत होते. आई अँडीच्या पलंगावर झोपून भिंतीवरचे ढग बघत होती. अण्णा म्हणाले, "चाल, खाली काही खायला आणू." खरं तर त्यांना झोप येत नव्हती. दिवसभर ते हसले होते, फोटोत उभे राहिले होते, पण मला ओळखू येत होतं. डोक्यात तीस क्विंटल चालू होते.

एक केळं, एकटं

आम्ही अण्णा, ईशू आणि मी दुकानात गेलो. जपानमध्ये कोपऱ्या-कोपऱ्यावर असतात तसलं छोटं दुकान, 'कोन्बिनी' म्हणतात त्याला. आणि तिथे, काउंटरजवळ, एक केळं ठेवलं होतं. एकच. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर लेबल. शंभरच्या वर थोडे येन. साठ रुपये धरा.

अण्णांनी ते उचललं. आधी देठ बघितला, मग बोटाने साल हलकेच दाबली, मग वळण मोजल्यासारखं हातात फिरवलं. बायोडाटा वाचावा तसं त्यांनी ते केळं वाचलं. "कॅव्हेंडिश. आपल्या जी-नाइनच्याच घराण्यातलं. आपलं लांबीला चांगलं आहे याच्याहून."

जपानमधली बहुतेक केळी फिलिपिन्सहून येते, तीही हिरवीच. पिवळं, पिकलेलं केळं आयात करायला बंदी, पुन्हा तीच फळमाशी. इथे आणून बंद खोल्यांत इथिलीन देऊन पिकवतात, आपल्याकडे व्यापारी पिकवतात तसंच. डोंगरावर, उंचीवर पिकवलेली म्हणून वेगळी, महाग केळीही मिळतात. मी हे सांगत असताना ईशूने मध्येच विचारलं, "आजोबा, केळं खाऊ असतो की जेवण?"

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. जपानी शाळांत सहलीला किती येनचा खाऊ आणायचा याची मर्यादा असते. 'सर, केळं खाऊत धरायचं का?' हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा विनोद आहे. एके काळी तर तिथे केळं ही चैन होती. 1963 मध्ये आयात खुली झाली, त्याआधी आजारी माणसाला भेटायला जाताना केळं न्यायचे.

अण्णांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि दुकानाच्या पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला. तिथेच, फूटपाथवर, दिव्याखाली. आमच्या झाडाला एकदाच घड लागतो. पंचवीस किलोचा धरा. हजार रुपये क्विंटलने त्याचे अडीचशे रुपये. एका घडाला दीडशे केळी धरली, तर या दुकानाच्या भावाने त्याच घडाचे नऊ हजार.

त्यांनी पुन्हा हॉटेलचा आकडा लिहिला. तीस हजार. त्याला अडीचशेने भागलं : एकशे वीस झाडं. मग नऊ हजाराने भागलं : साडेतीन झाडंही नाहीत.

बराच वेळ पावतीकडे बघून ते म्हणाले, "हाटेल महाग नाई, पोरी. आपलं केळं स्वस्त आहे."

मी काय बोलणार? मला वाटलं ते आता चिडतील. पण ते चिडले नाहीत. उलट गेले चार महिने त्यांच्या आवाजात जो ताण होता तो सैल झाला. ते स्वतःला गरीब समजत होते आणि मला उधळी. त्या पावतीवर दोघांचीही सुटका झाली. अर्थात नऊ हजार काही शेतकऱ्याला मिळत नाहीत. जहाज, पिकवायच्या खोल्या, पिशवी, दुकानाचं भाडं, सगळ्यांचा वाटा त्यात. अण्णांनाही ते माहीत आहे. म्हणूनच परत येताना त्यांचा प्रश्न हा होता : "त्या फिलिपिन्सवाल्याले किती भेटत असतीन?"

सोनूदादाला फोन लावला. त्याला माहीत नव्हतं. अण्णा म्हणाले, "त्याचं बी आपल्यासारखंच असीन." आणि ते केळं त्यांनी तिघांत वाटून खाल्लं. चव? "बरं आहे," म्हणाले. रावेरच्या माणसाकडून परक्या केळ्याला याहून जास्त मार्क मिळत नाहीत.

परत आल्यावर एक बदल झालाय. मी आता त्यांना किमती खऱ्या सांगते. परवा हेडफोन घेतले, आकडा सांगितला. तिकडून दोन सेकंद शांतता, मग उत्तर : "कोणत्या भावाने धरू? इथल्या का तिथल्या?"

बॅग भरण्याआधी

• परदेशातलं पहिलं थीम पार्क असेल तर पार्कच्या हॉटेलात एकच रात्र घ्या, बाकीचे दिवस जवळच्या गावात. तारीख शक्यतो मंगळवार ते गुरुवारची.

• बुकिंग करतानाच कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार सुरू आहेत का ते बघा. दुसरं कार्ड जवळ ठेवा, मैत्रिणीचं चालेल.

• खोलीत किती माणसं, मुलांची वयं काय, हे बुकिंगमध्ये खरं लिहा. परदेशात 'गादी टाकून झोपू' चालत नाही.

• ताजी भाजी, फळं, डाळ-तांदूळ घरी. चटणी, लोणचं, मसाला, वेफर्स बॅगेत. ज्या देशात जाताय त्याचे नियम निघायच्या आधी त्यांच्या सरकारी साइटवर वाचा.

• व्होल्टेज बघा. जपान 100 व्होल्ट, चपट्या दोन पिनांचा प्लग. फोनचा चार्जर चालतो, आईची केटल नाही.

• सुती पिशवी न्याच. संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केटात जा.

• आणि आई-बाबांना किंमत आधीच खरी सांगा. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात कळण्यापेक्षा बरं.